रायवळाच्या खुंटावर

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे दोन तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात सपाटीला भाताची खाचरे, त्यांच्यावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि त्याहून वर जंगल अशी जमिनीची उतरंड आहे. हापूस आंब्याचे नाव ज्या रत्नागिरी-देवगडशी जोडले गेले, त्या किनाऱ्यावरचे जांभ्या दगडाचे सडे आणि खारा वारा या खोऱ्यात नाही. येथील खडक मुख्यतः काळा, पाऊस अधिक आणि थंडी-उन्हाचा फरकही अधिक. त्यामुळे या भागातील आंब्याचा इतिहास हापूसच्या बागांपासून सुरू होत नाही. तो बांधावरच्या, देवळामागच्या आणि परसातल्या रायवळ झाडांपासून सुरू होतो, आणि कोकणातील फळझाडांच्या अभिवृद्धीचे, म्हणजे एका झाडापासून अनेक झाडे तयार करण्याच्या शास्त्राचे, सारे यश याच झाडांच्या कोयींवर उभे राहिले असल्यामुळे तो पुढेही त्यांना सोडून जाऊ शकत नाही.

रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेला, कलम न केलेला आंबा. ही एक जात नव्हे. किंबहुना प्रत्येक रायवळ झाड ही स्वतंत्र जात आहे असे म्हणणे शास्त्राच्या अधिक जवळ जाते. आंब्याच्या एकाच मोहरात नरफुले आणि द्विलिंगी फुले एकत्र असतात, माश्या व इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात, आणि त्यामुळे कोयीतील गर्भ दोन वेगळ्या झाडांच्या गुणांची नवी सरमिसळ घेऊन जन्मतो. शिवाय आंब्याच्या प्रत्येक झाडात एकाच गुणाच्या दोन निरनिराळ्या जनुकीय आवृत्त्या सांभाळलेल्या असतात, ज्या स्थितीला विषमयुग्मी असे म्हणतात. म्हणून गोड झाडाची कोय गोडच फळ देईल, याची खात्री नसते. याला एक अपवाद आहे. केरळपासून गोव्यापर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यावर ओलूर, कुरुक्कन, बप्पकाई, चंद्रकारन अशा काही जातींच्या एका कोयीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतील बहुतेक रोपे पराग-संयोगातून नव्हे तर मातृवृक्षाच्याच पेशींतून तयार झालेली असल्यामुळे आईसारखीच निघतात. या बहुगर्भी जाती झाल्या. हापूस एकगर्भी आहे. त्याची कोय लावली तर जे झाड येईल ते हापूसचे अपत्य असेल, हापूस नव्हे. त्याचे फळ कसे निघेल हे कळायला आठ-दहा वर्षे थांबावे लागते, आणि बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते.

असे असूनही शतकानुशतके लोकांनी कोयीच लावल्या, आणि त्यांतून निघालेली बरी झाडे राखली, वाईट झाडे लाकडाला गेली. या संथ निवडीतून घरोघरच्या झाडांना बिटकी, साखरी, खोबरी, केळ्या, शेंदऱ्या अशी नावे पडली, परंतु त्या नावांचा व्यवहार गावच्या शिवेबाहेर चालत नाही, कारण एका गावचा साखरी आंबा आणि पलीकडच्या गावचा साखरी आंबा यांत गोडीपलीकडे काहीच समान असेल असे नाही. कोणता आंबा लोणच्याचा, कोणता चोखून खायचा, कोणत्याच्या रसाची पोळी चांगली वाळते आणि कोणता पाऊस पडल्यावरही किडत नाही, हे ज्ञान त्या-त्या घरापाशी राहिले आणि झाड पडले की त्याच्याबरोबर संपले.

अशा झाडांचे मोल राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी जो विचार आला आहे, त्यात आंबा आणि फणस यांची लाकडे गलबतांच्या कामाची असली तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये असे बजावले आहे; ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि एखादे झाड फारच जीर्ण झालेले असेल तर ते धन्याला राजी करून व मोल देऊन तोडावे, असा तेथील आशय आहे. एकेकाळची राजधानी रायगड महाड तालुक्यातच आहे, आणि अशी झाडे लेकरांसारखी वाढवणाऱ्या रयतेत सावित्रीच्या खोऱ्यातील कुणबीही होता. या आज्ञेकडे सहसा प्रजावात्सल्याचा दाखला म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यही आहे, पण तिच्यामागे एक वनस्पतिशास्त्रीय वास्तव आहे: कोयीपासून वाढलेले उत्तम झाड तोडले तर त्याच्या जागी तसेच दुसरे झाड लावण्याचा कोणताही उपाय त्या शेतकऱ्याकडे नव्हता.

हा उपाय, म्हणजे कलम, तोवर भारतात अज्ञात होता असे मात्र नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे आणि त्यात फांद्या शेणाने माखून लावण्याची, तसेच दुसऱ्या झाडाच्या तोडलेल्या मुळावर किंवा खोडावर त्या बसवण्याची पद्धत सांगितलेली आहे. या रीतीने वाढवायच्या झाडांच्या यादीत फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग यांची नावे आहेत. आंब्याचे नाव त्या यादीत नाही. आंब्याची तोडलेली फांदी सहजी मूळ धरत नाही आणि तिचा चीक व झपाट्याने सुकण्याची प्रवृत्ती यांमुळे साधे बांधलेले कलमही बहुधा वाळते, हे लक्षात घेतले तर ही उणीव अपघाती वाटत नाही.

आंब्याचे कलम पश्चिम किनाऱ्यावर रुजले ते गोव्यात, पोर्तुगीज अमलात, आणि त्याचे श्रेय परंपरेने जेझुइट पाद्र्यांना दिले जाते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या संवादग्रंथात आंब्याचे वर्णन केले आहे आणि मुंबई बेटावरच्या आपल्या जमिनीतील, वर्षातून दोनदा फळणाऱ्या एका झाडाचा उल्लेख केला आहे, म्हणजे त्याच्यासाठी अजून आश्चर्य झाडाचे आहे. मोगल दरबारी वावरलेला व्हेनिसचा निकोलाव मनुची सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी लिहितो तेव्हा चित्र बदललेले दिसते. सर्वांत चांगले आंबे गोव्याच्या बेटावर होतात असे सांगून तो त्यांच्या नावांची यादीच देतो, आणि त्यांत निकोलाव आफोन्सो, जुवांव परेरा, कोणी एक कोंद अशी माणसांची नावे आंब्यांना लागलेली आढळतात. एखाद्या फळाला माणसाचे नाव पडून ते प्रवाशाच्या वहीपर्यंत पोहोचायचे तर ते फळ एकाहून अधिक झाडांवर, एकाहून अधिक बागांत आणि मूळ झाडाच्या आयुष्यानंतरही मिळत राहावे लागते. यादीतील आफोन्सोच पुढे हापूस झाला असावा असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असो वा नसो, ही यादी कोकणातील फळबागांच्या इतिहासातला एक टप्पा दाखवते, कारण तीत प्रथमच झाडापेक्षा जात अधिक टिकाऊ झालेली दिसते.

त्या काळापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोकणात प्रचारात राहिलेली पद्धत म्हणजे भेट कलम. तिच्यात कोयीपासून वाढवलेले सुमारे वर्षभराचे रोप कुंडीत किंवा मातीच्या गोळ्यासह मातृवृक्षाजवळ आणतात, आवश्यक तर मांडव घालून त्यावर ठेवतात, आणि रोपाच्या खोडाची व मातृवृक्षावरच राहिलेल्या फांदीची साल सारखी तासून दोन्ही जखमा समोरासमोर बांधतात. दोन-तीन महिन्यांत सांधा जुळला की फांदी मातृवृक्षापासून आणि रोपाचा शेंडा सांध्याच्या वर कापून टाकतात. फांदीला अखेरपर्यंत आईचा रस मिळत असल्यामुळे ती वाळत नाही, आणि म्हणूनच आंब्यासारख्या हट्टी झाडावर ही रीत यशस्वी झाली. पण तिच्या मर्यादा उघड होत्या. रोपाला झाडापाशी जावे लागे, झाड रोपापाशी येऊ शकत नसे. ज्या फांद्यांपर्यंत कुंड्या पोहोचतील तेवढीच कलमे एका झाडावर होत. आणि तयार कलम मातीच्या गोळ्यासह दूरवर, घाटवाटांनी नेणे महाग पडे. ज्याच्या बागेत उत्तम मातृवृक्ष त्याच्याच हाती कलमांचा व्यापार, असा त्याचा सामाजिक परिणाम होता. किनाऱ्यावरचे बागायतदार आणि आतल्या खोऱ्यांतील वरकस जमिनीचा कुळवाडी यांच्यातील अंतर ज्या अनेक कारणांनी वाढले, त्यांत हे एक किरकोळ वाटणारे तांत्रिक कारणही मोजायला हवे.

सरकारी पातळीवर आंब्याचा अभ्यास मुंबई इलाख्यात पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात सुरू झाला. तेथील जी. मार्शल वुड्रो यांनी 1904 मध्ये आंब्याच्या लागवडीवर व जातींवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांनी 1911 मध्ये पुण्यात आंब्याच्या संकराचे प्रयोग हाती घेतले आणि 1921 च्या सुमारास इलाख्याच्या शेती खात्यातर्फे आंब्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, ज्यात जातींची वर्णने, कलमाच्या पद्धती आणि रोग यांची एकत्र नोंद झाली. संकर म्हणजे एका जातीचा पराग दुसरीच्या फुलावर हाताने टाकून दोहोंचे गुण एकत्र आणण्याचा प्रयत्न. परंतु आंब्याच्या मोहरात हजारो फुले असली तरी त्यांतील फारच थोड्यांचे फळ होते, आणि हाताने परागीकरण केलेल्या फुलांचेही तेच होते, म्हणून या कामाला दशकानुदशके लागली. जी. एस. चीमा आणि पी. जी. दाणी यांनी 1932 व 1933 मध्ये युरोपला आंबे पाठवण्याचे प्रयोग केले आणि 1934 च्या अहवालात हापूसच्या गरातील त्या दोषाची नोंद केली ज्याला बागायतदार साका म्हणतात: बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कोयीजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस राहतो. एकच जात सर्वत्र लावायची तर तिचा दोषही सर्वत्र लागणार, ही गोष्ट त्या अहवालाने प्रथम कागदावर आणली असे म्हणता येईल.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला भारतीय आंब्याच्या कोयीने वेगळाच चमत्कार केला होता. भारतातून 1889 मध्ये अमेरिकेत गेलेल्या कलमांपैकी मुलगोबा जातीचे एक झाड फ्लोरिडात वाचले, त्याच्या कोयी कॅप्टन हेडन यांनी 1902 मध्ये लावल्या, आणि त्यांतील एका रोपाला 1910 मध्ये आलेले लालबुंद फळ पुढे हेडन या नावाने व्यापारी जात बनले. अमेरिकेतून आज जगभर गेलेल्या कित्येक जातींच्या वंशावळीत हेडन आहे. पुढे जनुकीय खुणांच्या तपासणीत त्याचा पिता तेथील एक बहुगर्भी, टर्पेंटाइनच्या वासाचा गावठी आंबा निघाला. कलमाने जी जात जशीच्या तशी तेथे पोचवली तिने नवे काही दिले ते कोयीतून, आणि तेही गावठी झाडाशी संकर होऊन.

कोकणात निर्णायक बदल 1970 च्या दशकात झाला. त्यापूर्वी 1957 मध्ये वेंगुर्ल्याला प्रादेशिक फळ संशोधन केंद्र सुरू झालेले होते आणि 18 मे 1972 रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला 2001 पासून डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे. कोवळ्या रोपावर कलम करण्याच्या कल्पनेवर देशात इतरत्र काम झाले होते आणि 1969 मध्ये भान, समद्दार व यादव यांनी तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते, दापोलीच्या आर. टी. गुंजाटे आणि व्ही. पी. लिमये यांनी ही पद्धत कोकणच्या पावसाळी हवेत बसवून 1970 च्या दशकाच्या मध्यावर मांडली. तिला कोय कलम हे नाव पडले आणि आज कोकणातल्या कोणत्याही रोपवाटिकेत आषाढ-श्रावणात हेच काम चाललेले असते.

तिची कृती सोपी दिसते, पण तीत प्रत्येक गोष्टीला कारण आहे. आंब्याची कोय फार दिवस जिवंत राहत नाही. वाळवून साठवता येणाऱ्या धान्यासारखी ती नाही, ओल गेली की गर्भ मरतो. म्हणून मे-जूनमध्ये रस काढलेल्या फळांच्या ताज्या कोयी लगेच वाफ्यात पेरतात. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो, ज्याची पाने तांबूस आणि खोड अजून मऊ असते आणि कोयीत साठवलेले अन्न संपलेले नसते. याच अवस्थेत रोप उपटून, कोयीच्या वर चार बोटांवर शेंडा छाटून, खोडाला मधोमध चीर देतात. मातृवृक्षावरची तीन-चार महिने वयाची, तेवढ्याच जाडीची काडी, जिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली असतात जेणेकरून डोळे फुगावेत, ती पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून पिशवीत लावतात. कोयीतले अन्न सांधा जुळेपर्यंत रोपाला पुरते, पावसाळ्यातील दमट हवेमुळे काडी सुकत नाही, आणि सांधा जमिनीच्या अगदी जवळ राहतो. वर्षभर रोप वाढवण्याचा काळ वाचला, मांडव गेला, आणि काडी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून नेता येऊ लागल्याने मातृवृक्ष आणि रोपवाटिका यांची ताटातूट शक्य झाली. एका माणसाच्या हातून दिवसाला जेवढी कलमे होऊ लागली तेवढी भेट कलमाच्या काळात एखाद्या लहान बागेत हंगामभरात होत. कोकणच्या शेतीत एवढ्या थोड्या खर्चात एवढा मोठा फरक करणारे दुसरे तंत्र दाखवणे अवघड आहे.

या तंत्राला सरकारी धोरणाची जोड 1990 मध्ये मिळाली, जेव्हा महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळझाड लागवड योजना सुरू केली आणि पडीक व वरकस जमिनीवर खड्डे खणण्यापासून कलमे लावण्या-जगवण्यापर्यंतच्या खर्चाला अनुदान दिले. महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांना ती योजना विशेष सोयीची होती. येथील कर्ता पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईला राहत आला, नाचणी-वरीसाठी उतार भाजून नांगरणारे हात गावात उरले नव्हते, आणि पहिली काही वर्षे सोडली तर आंबा-काजूला बारमाही मनुष्यबळ लागत नाही. दहा मीटर अंतराने हेक्टरी शंभर हापूस कलमे हा आराखडा रत्नागिरीच्या सड्यावरून उचलून या काळ्या खडकाच्या, अतिपावसाच्या उतारांवर आला. किनाऱ्यासारखा मोहर आणि किनाऱ्याइतका लवकर येणारा आंबा या खोऱ्यांत सर्वत्र मिळत नाही, हे बागा फळू लागल्यावर कळले. योजनेने रोजगार दिला आणि उघडे डोंगर झाकले, ही तिची बाजू खरीच आहे. परंतु जात निवडताना स्थानिक झाडांकडे पाहण्याची सोय तिच्या आराखड्यात नव्हती, कारण अनुदान कलमाला होते आणि कलम म्हणजे हापूस असे समीकरण तोवर पक्के झाले होते.

दरम्यान विद्यापीठाचे संशोधक हापूसचे दोष दूर करण्याच्या मागे होते. हापूस वर्षाआड फळतो आणि त्यात साका होतो. दक्षिणेतील नीलम दरवर्षी फळतो. या दोघांच्या संकरातून वेंगुर्ल्याला रत्ना ही जात तयार झाली आणि 1981 मध्ये प्रसारित झाली; ती साकामुक्त आहे आणि नियमित फळते. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये सिंधू आली, जिची कोय कागदासारखी पातळ असते. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही कामे पहिल्या प्रतीची होती. पेठेने मात्र त्यांना हापूसचा मान दिला नाही, कारण गिऱ्हाईक आंब्यापेक्षा नावाला पैसे मोजत होते. वर्षाआडच्या समस्येवर मग पॅक्लोब्युट्राझॉल या वाढ-नियंत्रक रसायनाचा उपाय दापोलीत अभ्यासला गेला आणि बागायतदारांनी तो उचलला: जात बदलण्यापेक्षा त्याच जातीच्या मुळाशी औषध ओतणे बाजाराला मानवले.

कोकमाच्या बाबतीत अभिवृद्धीचा प्रश्न आणखी निराळा होता. पश्चिम घाटाचाच रहिवासी असलेल्या या झाडात नर व मादी वृक्ष वेगळे असतात आणि बियांपासून आलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, जे कळायला फुलोऱ्यापर्यंतची वर्षे जातात. मादी झाडाच्या काडीचे मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या लाकडावर केलेले कलम, हा त्यावरचा उपाय निघाला आणि 1997 मध्ये कोकण अमृता ही निवड प्रसारित झाली. परंतु सगळी बाग मादीच केली तर पराग कोठून येणार, म्हणून थोडे नर राखण्याची शिफारस करावी लागते. फळ न देणाऱ्या झाडाचेही बागेत काम असते, हे कोकमाच्या बागेत जितके उघड दिसते तितके आंब्याच्या बागेत दिसत नाही.

आंब्याच्या विविधतेचे शास्त्र अभिवृद्धीच्या शास्त्रापेक्षा बरेच उशिरा आले. एस. के. मुखर्जी यांनी 1950 च्या सुमारास आंब्याच्या पेशीतील 40 गुणसूत्रांचा अभ्यास करून त्याच्या उत्पत्तीचा विचार मांडला, आणि त्यानंतर दीर्घकाळ जातींची ओळख पानाची लांबी, फळाची चोच, सालीचा रंग अशा बाह्य लक्षणांवरच चालली. डीएनएच्या तुकड्यांची तुलना करून नाते शोधण्याचे तंत्र 1990 च्या दशकात भारतीय प्रयोगशाळांत पोहोचल्यावर उत्तरेकडील जाती आणि दक्षिण-पश्चिमेकडील जाती असे ढोबळ गट दिसू लागले. अमेरिकेतील वॉर्शेफस्की आणि फॉन वेटबर्ग यांनी 2019 मध्ये जगभरच्या जातींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि आंबा माणसाळवला जाताना त्याची विविधता फारशी आटली नाही, तसेच आग्नेय आशियातील आंब्यांत भारतीय आंब्यांपेक्षा वेगळे जनुकीय धन आहे, असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी चिनी संशोधकांच्या गटाने आंब्याचा संपूर्ण जनुकसंच जुळवून प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी निवडलेली जात होती हापूस. या सर्व अभ्यासांतील बहुतेक नमुने संग्रहालयासारख्या जातीबागांतून, म्हणजे नाव असलेल्या व कलमाने वाढवलेल्या झाडांतून आलेले आहेत. बांधावरचा बिननावाचा रायवळ त्यांत क्वचितच शिरतो.

आणि तरीही तो प्रत्येक हापूस कलमात आहे. कोय कलमाचा खुंट, म्हणजे मुळे देणारा खालचा भाग, मिळेल त्या कोयीचा असतो; रोपवाटिका त्या गावोगावच्या रायवळ फळांतून आणि रस काढणाऱ्या कारखान्यांतून गोळा करतात. याचा अर्थ असा की एका बागेतील शंभर हापूस झाडे जमिनीच्या वर एकाच झाडाची शंभर रूपे असली, तरी जमिनीच्या खाली ती शंभर निरनिराळी, कोणीही न नोंदलेली झाडे आहेत. शेजारशेजारची दोन कलमे एकाच खताला वेगळी वाढ का दाखवतात, एक दुष्काळी उन्हाळ्यात तगते आणि दुसरे का कोमेजते, याचे एक कारण येथे असले पाहिजे, आणि खुंटाचा प्रभाव ही केवळ कल्पना नाही हेही दाखवले गेले आहे: बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील प्रयोगांत वेल्लईकोलंबन या बहुगर्भी जातीच्या खुंटावर हापूस ठेंगणा राहिला. एकसारखे खुंट हवे असतील तर बहुगर्भी जाती वापराव्यात, हा त्यातून निघणारा सरळ सल्ला आहे. मात्र तो सरसकट अमलात आला तर जमिनीखाली उरलेली ही शेवटची अनामिक विविधताही जाईल, आणि तिच्यात काय होते हे पाहण्याआधीच जाईल. किनाऱ्यावरच्या वाऱ्याला आणि जांभ्या मातीला अनुरूप झालेले हापूसचे डहाळे महाड-पोलादपूरच्या उतारांवर कोणत्या मुळांवर बसवावेत, या प्रश्नाचे उत्तर तेथेच पिढ्यान्पिढ्या तगलेल्या झाडांत शोधणे हे सर्वांत स्वाभाविक संशोधन ठरले असते. कोकणच्या फळसंशोधनाचे लक्ष काडीवर राहिले, खुंटावर नाही, एवढा दोष त्याला द्यावा लागतो.

ती झाडे दरम्यान कमी होत गेली. रायवळाचे फळ पेठेत टिकत नाही आणि भावही घेत नाही, त्यामुळे जुने झाड लाकडाच्या व्यापाऱ्याला देणे घरखर्चाला सोयीचे पडे. त्याच्या फळ्यांची खोकी झाली, आणि त्यांतील काही खोक्यांतून हापूस मुंबईला गेला. रस्ते रुंदावले, वस्ती आणि कारखाने वाढले. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकून आत शिरले आणि आंबा, नारळ, सुपारी यांची झाडे मुळासकट पडली. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूरचे डोंगरउतार खचले आणि तळियेसारखी वाडी गाडली गेली, त्या माणसांच्या हानीपुढे झाडांची मोजदाद करण्याचे कोणाला सुचणेही शक्य नव्हते.

कायद्याने या काळात दोन वेगळ्या दिशांना पावले टाकली. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्याबरोबर रायगड जिल्ह्याचेही नाव त्यात आले, म्हणजे महाडच्या उतारावरील हापूसही कायद्याने कोकणचा हापूस ठरला. दुसरीकडे, वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 पासून अस्तित्वात आहे, ज्याखाली शेतकऱ्याला आपल्याकडील वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येते आणि वृक्षांच्या बाबतीत हे संरक्षण 18 वर्षांपर्यंत टिकते. येथे रायवळाची अडचण पुन्हा तीच होते. वाणाची ओळख त्याच्या वेगळेपणाबरोबर एकसारखेपणा आणि स्थिरता यांवर ठरते, आणि एकुलते एक झाड कोणाशी एकसारखे असणार? त्याला वाण व्हायचे तर आधी त्याची कलमे व्हावी लागतात. उत्तर कन्नडातील सिरसीच्या परिसरात लोणच्याच्या अप्पेमिडी आंब्याच्या निवडक झाडांबाबत असे काम झाले आहे; रानातल्या, नदीकाठच्या झाडांच्या काड्या आणून शेतकऱ्यांनी व संशोधकांनी त्यांच्या बागा केल्या.

सावित्रीच्या खोऱ्यात तसे करण्यासाठी नवे तंत्र शोधावे लागणार नाही, कोय कलम पुरेसे आहे. अडचण काडीची आहे. साठ-सत्तर वर्षांच्या रायवळावर कलमाला हवी तशी जोमदार, तीन-चार महिन्यांची पालवी मोजकीच आणि फार उंचावर असते. म्हणून चव पाहून मे महिन्यात झाड नक्की करायचे, आंबे उतरवल्यावर त्याच्या दोन-तीन फांद्या छाटायच्या, त्यांवर फुटलेले धुमारे वाढू द्यायचे आणि पुढच्या पावसाळ्यात काडी घ्यायची, असा किमान एका वर्षाचा हिशेब पडतो. लाकडाचा व्यापारी बहुधा दिवाळीनंतर येतो.